डोक्यावरून गेलेला चेंडू

रविवार, २४ सप्टेंबर

हरलो. माझ्यामुळे!

नीट लिहून ठेवतो, नाहीतर महिन्याभराने मीच मला काहीतरी वेगळं पटवून देईन. सामना संपत आलेला. आम्ही पुढे. चेंडू आमच्याकडे, पण आमच्याच टोकाशी अडकलेला — लाथ घालून लांब उडवायचा आणि घरी जायचं. त्यातलं माझं काम सगळ्यात साधं. वाकायचं, दोन पायांमधून उलटं बघायचं आणि तो लांबट चेंडू मागे फेकायचा. मागे अँगस उभा असतो. तो झेलतो, लाथ घालतो. झालं. चार वर्षं कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल टीममध्ये मी एवढंच करतोय. नीट केलं तर कुणाचं लक्षसुद्धा जात नाही, आणि मी चार वर्षं नीटच केलं.

काल हातातून सुटतानाच कळलं. पाऊस होता — पण तो त्यांच्यावरही पडत होताच की. चेंडू अँगसच्या डोक्यावरून गेला. त्याने दोन्ही हात वर करून मारलेली ती उडी! मग मागे वळून धावला, चेंडूवर झेपावला आणि त्याच्या अंगावर त्यांची तीन धुडं येऊन आदळली. चेंडू निसटला, त्यांनी उचलला, जिंकले. अँगसची कॉलरबोन मोडली.

हॉस्पिटलमध्ये गेलो. काय बोलणार होतो देव जाणे. तोच म्हणाला, "गड्या, मागे जिराफ उभा करायला हवा होता." स्वतःच हसला, हसताना दुखलं म्हणून कळवळला, मग मला शिव्या घातल्या. मी बाहेर कॉफीच्या मशीनपाशी जाऊन रडलो. एक नर्स आली आणि तिला वाटलं मशीनने माझे पैसे खाल्ले.

मंगळवार, २६ सप्टेंबर

ती चित्रफीत सगळ्या देशाने पाहिली म्हणे. त्यात फक्त अँगसची उडी आहे आणि मागे टुणटुणत निघालेला चेंडू. हाड मोडतं त्याच्या आधीच कापलीय. म्हणून हसू येतं लोकांना.

आज माती-परीक्षणाच्या तासाला प्रोफेसर आम्लतेबद्दल काहीतरी अवघड बोलले आणि वर म्हणाले, "काय, झालं का कुबिचेक?" सगळा वर्ग हसला. कुबिचेक म्हणजे मी. एमेट कुबिचेक. आता कुणाच्याही डोक्यावरून काही गेलं की त्याला माझं नाव.

शुक्रवार, २९ सप्टेंबर

अँगसच्या खोलीवर आईने पाठवलेले कोलाचे — खसखस भरलेले गोड पाव — घेऊन गेलो. एका हाताने बूट बांधता येत नाहीत त्याला. मी बांधले. "जास्त घट्ट नको, तुझा भरवसा नाही," म्हणाला.

हा ऑस्ट्रेलियातून इथे आला तेव्हा सगळा गाव खिदळला होता. इथे नेब्रास्कात अँगस म्हणजे काळा बैल — प्रत्येक शेतावर पाच-पन्नास असतात. माझ्या बाबांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "वजन किती भरतं रे तुझं? किलोला काय भाव?" तेव्हापासून तो आमच्या घरचाच. दर सणाला आमच्याकडे. मी त्याला बैला म्हणतो; त्याची आई सोडली तर सगळेच त्याला बैल म्हणतात.

याच हिवाळ्यात मोठ्या व्यावसायिक टीमची माणसं त्याची लाथ बघायला येणार होती. आता गळ्यात झोळी बांधलेल्याला काय बघणार? तो त्याबद्दल अवाक्षर बोलत नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

बुधवार, ४ ऑक्टोबर

विचित्र फोन! ड्वेन रॅसमुसन — छपरं बसवणारा. जूनमध्ये गारा पडल्यापासून निम्म्या गावाच्या अंगणात त्याच्या पाट्या आहेत. म्हणाला, "पोरा, तुझं नाव आणि चेहरा मला हवाय. जाहिरात. टीव्हीवर, आणि हायवेच्या बोर्डावर."

मी म्हटलं, "माझा चेहरा? साहेब, चार वर्षं टीव्हीवर माझं बूडच दिसलंय."

तो इतका हसला की त्याला ठसका लागला. कल्पना अशी: मी चेंडू फेकतो, तो मागच्याच्या डोक्यावरून जातो, थेट एका छपरावर, आणि तिथे रॅसमुसनचा माणूस तो अलगद झेलतो. खाली ओळ — "डोक्यावरचं आमच्यावर सोडा."

मी फोन ठेवून दिला. मग कितीतरी वेळ फोनकडेच बघत बसलो. आकडा ऐकला होता. बाबा दोन महिने लोकांचे ट्रॅक्टर दुरुस्त करतात तेव्हा तेवढे होतात.

गुरुवार, ५ ऑक्टोबर

मी कुणाला फसवतोय का? त्या चेंडूपायी मित्राचं हाड मोडलं, त्याचं पुढचं सगळं बोंबललं, आणि त्याच चेंडूचे पैसे मला! दुसरीकडे हेही खरं की ही चित्रफीत दाखवून दाखवून चॅनेलवाल्यांनी, कॉलेजने, त्या टी-शर्टवाल्याने ("कुबिचेक झालं" — मोठी अक्षरं, पाठीवर उडता चेंडू) आपापले गल्ले भरले. ज्याचं तोंड काळं झालं तो एकटाच कोरडा. मग मी घेतले तर कुणाचं काय जातं?

जातं. अँगसचं जातं. पण त्याचं नक्की काय जातं ते मला मांडता येत नाही.

शनिवार, ७ ऑक्टोबर

घरी. बाबांना सांगितलं. त्यांनी उठून कपाटातला प्लास्टिकचा पेला आणून माझ्यापुढे ठेवला. पेट्रोल पंपावर शीतपेयासोबत मिळायचे तसा. त्यावर तरुणपणीचे बाबा — खांद्यावर चेंडू, मागे कॉलेजचं चिन्ह. आईने इतक्या वेळा घासलाय की चेहरा गेलाय, फक्त हेल्मेट उरलंय.

"सगळ्या राज्यात विकले हे," बाबा म्हणाले. "मला काय मिळालं माहितीये? तंबी. एका न्हाव्याने फुकट केस कापले म्हणून. खेळाडूने कुणाचं काही घ्यायचं नाही, असा नियम होता. कोचने परत पाठवलं, जा, त्याला पैसे देऊन ये."

"मग मी घेऊ?"

"मी कुठे तसं म्हटलं?" चिडले. "आम्ही फुकट खेळलो, त्याचा मला अभिमान आहे." पेला उलटा करून बघितला. "आणि रागही आहे. दोन्ही आहे. खा तू, गार होतंय."

आई डाव फिरवत म्हणाली, "घे रे तू. इतकं हसलेत तुला, फुकट का हसावं?"

सोमवार, ९ ऑक्टोबर

खेळाडूंना जाहिरातीचे पैसे घ्यायची मुभा मिळाल्यापासून कॉलेजात खास याच कामासाठी एक बाई आहेत, मिस प्रूइट. कोण खेळाडू कुणाची जाहिरात करतो, नियमात बसतं की नाही, त्या बघतात. माझं तासाभरात मंजूर. मी विचारलं, "आणि अँगस असला तर?"

त्यांनी चष्मा काढला. "तो विद्यार्थ्याच्या व्हिसावर आहे. असल्या कमाईचा एक डॉलर जरी हातात पडला, तरी त्याला विमानात बसवतील. त्याचं बोटसुद्धा दिसता कामा नये."

"मी माझ्यातले अर्धे दिले तर?"

"एमेट, मी हा प्रश्न ऐकला नाही."

म्हणजे असं: एकाच चेंडूच्या दोन टोकांना आम्ही दोघं. माझं नाव विकता येतं, त्याचं येत नाही. आणि खरं बघायला गेलं तर ती उडी त्याची आहे! लोक उडीला हसतात, माझ्या बुडाला नाही.

सही केली. अँगसला अजून सांगितलेलं नाही. भित्रा आहे मी.

रविवार, १५ ऑक्टोबर

आज चित्रीकरण. लिहिताना अजून हसू येतंय, म्हणून आधी हे.

अँगसच्या जागी कुणी उभं राहायचं? त्यासाठी ठरलेला माणूस आयत्या वेळी आला नाही. शिड्या पोचवायला बाबा ट्रक घेऊन आले होते. रॅसमुसनने त्यांना आपादमस्तक पाहिलं. "तुम्ही खेळायचात ना हो?" पुढच्या क्षणाला बाबांच्या डोक्यावर हेल्मेट! पैसे नको म्हणाले. इतक्या वर्षांनी गणवेशात — पोट जरा पुढे, पण उभं राहणं तेच, त्या पेल्यावरचं.

आणि मग — मला चुकवता येईना! मुद्दाम उंच फेकायचा म्हणून वाकलो तर चेंडू सरळ बाबांच्या हातात. पुन्हा फेकला, पुन्हा हातात. हाताला दुसरं काही माहीतच नाही. बाबा प्रत्येक वेळी झेलून ओरडतायत, "झकास!" आणि रॅसमुसन टोपी आपटतोय — "पोरा, मी तुला वाईट फेकायचे पैसे देतोय!"

कॅमेरावाला हसून हसून खाली बसला. शेवटी बाबाच म्हणाले, "थांबा." आणि गुडघ्यांवर बसले. खेळापायी मोडलेल्या त्या गुडघ्यांवर! कॅमेरा असा लावला की ते उभेच वाटावेत. मी फेकला — नेहमीसारखा, अगदी सरळ — आणि तो त्यांच्या डोक्यावरून छपरावर गेला. बाबांना उठवायला दोघं लागले.

एक गोष्ट खटकली. रॅसमुसन मला म्हणाला, "फेकण्याआधी तू डावा अंगठा चाटतोस ना, तेही कर." याला कसं ठाऊक? मी वाकलेला असतो तेव्हा माझं तोंड दिसतं ते फक्त मागे उभ्या असलेल्याला.

तालमीला येऊन बघितलं असेल.

शनिवार, २१ ऑक्टोबर

जाहिरात लागली. अँगसला आज सकाळी सांगणारच होतो, त्याच्या आधीच त्याने पाहिली. धावत गेलो. तो पलंगावर, गुडघ्यावर बशी, टोस्ट खातोय.

"मी सांगणार होतो —"

"बरे दिसतायत तुझे बाबा. माझ्याहून देखणे." मग टोस्ट चावत, "ओळ कशी वाटली?"

"कुठली? ती डोक्यावरचं आमच्यावर? फालतू आहे."

"फालतू?" त्याने टोस्ट खाली ठेवला. "का फालतू?"

"म्हणजे... छपरवाल्याची अक्कल. ठीक आहे."

"चांगली आहे," तो म्हणाला. "खूप चांगली आहे. तुला कळत नाही." आणि भिंतीकडे तोंड करून पडला. खांदा दुखतोय म्हणाला.

खांदा नाही दुखत. मला कळतं. तो माझ्यावर रागावलाय, आणि रागवायचं सोडून तो जाहिरातीची बाजू घेतोय! यापेक्षा त्याने मला एक ठेवून दिली असती तर परवडलं असतं.

रविवार, २९ ऑक्टोबर

काल मैदानावर कहर. मी चेंडू फेकायला वाकलो की सगळं स्टेडियम — "डोक्यावरचं!" आणि समोरचा स्टँड — "आमच्यावर!" फेक सरळ गेली की निराश होऊन "अरेरे!" करतात. दुष्ट आहेत. पण हसण्यातली ती धार गेलीय. सामन्यानंतर एका चिमुरडीने माझी सही मागितली, आणि तिच्या आईने मला नावाने हाक मारली. चार वर्षांत पहिल्यांदा!

अँगस साध्या कपड्यात बाजूला उभा होता. सगळ्यात मोठ्याने तोच ओरडत होता.

गुरुवार, २ नोव्हेंबर

आईचा फोन. बाबा रोज संध्याकाळी दहा मैल वळसा घालून हायवेने घरी येतात म्हणे. त्या बोर्डाखाली ट्रक उभा करतात, जरा वेळ बघतात, मग येतात. आईने विचारलं तर म्हणाले, "तिकडचा रस्ता चांगला आहे."

पेट्रोल पंपावर कॉलेजचा कुणीतरी जुना विद्यार्थी बाबांना भेटला. म्हणाला, आमच्या वेळी पोरं प्रेमाने खेळायची, आता बाजार झालाय नुसता. बाबा म्हणाले, "बाजार तेव्हाही होता. आम्ही दुकानात होतो, गल्ल्यावर नव्हतो एवढंच." आई सांगताना इतकी खूश होती! "तुझ्या बाबांनी एवढं लांब वाक्य लग्नानंतर प्रथमच म्हटलं."

सोमवार, ६ नोव्हेंबर

पैसे आले. खात्यात पडून आहेत. हात लावावासा वाटत नाही.

शेवटचा घरचा सामना पंचवीसला. त्या दिवशी शेवटच्या वर्षाची पोरं आईबाबांचा हात धरून मैदानात येतात, कोच आईला पिवळी शेवंती देतो. अँगसचे बाबा वारले, आई तिकडे ऑस्ट्रेलियात, बॅलरॅटला, शाळेची बस चालवते. चार वर्षांत तिने त्याला इथे खेळताना एकदाही प्रत्यक्ष पाहिलं नाही. आधीच ठरलंय — माझी आई एका हाताला मला धरणार, दुसऱ्या हाताला त्याला. अँगस म्हणतो, "मला चालेल. तुझी आई कोलाचे करते, माझी करत नाही."

चालत नाहीये त्याला.

मंगळवार, ७ नोव्हेंबर

मिस प्रूइटकडे पुन्हा गेलो. अँगसच्या आईचं तिकीट मी काढलं तर?

"तुझ्या जाहिरातीच्या पैशातून? टीममधल्या मुलाच्या घरच्यांना? एमेट, मला हे लिहून वर पाठवावं लागेल, आणि वरचे नको म्हणतील."

मी उठलो. मला एवढा राग आला होता की दार ओढायचं की ढकलायचं ते कळेना. मागून त्या म्हणाल्या, "तुझी आई आणि त्याची आई, ओळख आहे का त्यांची?"

ओळख? तीन वर्षं दर रविवारी फोन असतो! एकमेकींची पोरं कशी वाया गेली याचीच चर्चा.

"मग एका आईने मैत्रिणीला सणाला घरी बोलावलं, आणि तिकीट पाठवलं," मिस प्रूइट खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "तर त्यात कॉलेजचा काय संबंध? आणि तू तुझ्या आईला काय देतोस हे मी कशाला विचारू?"

देव त्यांचं भलं करो. संध्याकाळीच पैसे आईच्या खात्यात टाकले. आईने एकच विचारलं, "तिला टर्की चालतो ना?"

बुधवार, २२ नोव्हेंबर

आली! विमानतळावर अँगसला फसवून नेलं — बाबांच्या कुणा गिऱ्हाइकाला आणायचंय म्हणून. त्याला दिसली आणि तो एवढा धिप्पाड माणूस जागच्या जागी उभा राहिला. ती म्हणाली, "अंगात स्वेटर का नाही?" बस. मी सामान गोळा करत बसलो. आता फिटलं, असं वाटलं. पूर्ण नाही, पण बरंचसं.

शनिवार, २५ नोव्हेंबर

शेवंती मिळाली तिला. माझ्या आईलाही. बाबा दोघींच्या मध्ये, टाय घालून. अँगसच्या आईने कोचला सांगितलं, "माझा मुलगा बरा झालाय, डॉक्टरांनी सांगितलंय, त्याला आज खेळवा." कोचला असं कुणी सांगत नाही! कोच म्हणाला, बघू.

पण खेळवलं. एकदाच, शेवटाकडे. मी वाकलो. उलट्या जगात अँगस उभा — तिथेच, नेहमीच्या जागी, हात पुढे. स्टेडियम सुरू झालं, "डोक्यावरचं!" मी अंगठा चाटला. फेकला. त्याच्या पोटाशी, शिवण वर, जसा त्याला आवडतो तसा. आणि त्याने काय हाणला! सगळ्यांच्या माना वर. सगळे त्या चेंडूकडे बघत होते. माझ्याकडे एकानेही पाहिलं नाही. किती छान वाटलं!

सोमवार, २७ नोव्हेंबर

अँगसची परीक्षा होती, म्हणून त्याच्या आईला विमानतळावर मीच सोडलं. हायवेवर बोर्ड आला तशी म्हणाली, "थांब रे, फोटो काढायचाय." मी ऐटीत बोर्डाखाली जाऊन उभा राहिलो, दात दाखवले. तिने फोन डोळ्यांपुढे धरला, खाली घेतला. "बाळा, जरा बाजूला होतोस? मागचं वाक्य झाकलं जातंय. माझ्या अँगसने लिहिलंय ना ते. झोळीतला हात घेऊन चालत गेला होता त्या छपरवाल्याकडे — म्हणाला, माझं नाव इथे चालत नाही, निदान एमेटचं तरी चालू दे."

मी बाजूला झालो.